वाटेवरचे दुखणे

घरच्या दुखण्याला एक मान असतो. घरात कोणी आजारी पडले, की खिडकीजवळची खाट त्याला मिळते, टीव्हीचा आवाज खाली येतो आणि शेजारच्या काकू मऊ भाताचे पातेले पदराखाली झाकून घेऊन येतात. आजाऱ्याने दोन वेळा आदळआपट केली, तर ‘तापात आहे बिचारा’ म्हणून तीही खपून जाते. परगावच्या दुखण्याचे तसे नाही. ते पोरके असते. त्याला खाट नाही, खिडकी नाही, काकू नाहीत. गाडी सुटायची वेळ झालेली असते, हॉटेलची खोली बारा वाजता रिकामी करायची असते, आणि ज्याच्या पोटात कळ उठली आहे तो मनुष्य, आपल्यापायी साऱ्यांचा खोळंबा होतो आहे या विचाराने, दुप्पट कळवळत असतो.

फराळाचे डबे तळाला गेले, की आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे प्रवासाला निघतात. म्हणून या खेपेला सदरासाठी हाच विषय घेतला आहे. जुन्या बायका घराबाहेर पडताना बटवा बरोबर घेत. त्यात सुंठ असे, ओवा असे, बाळहिरडा असे, आणि अगदी तळाशी एक जायफळ असे. आता बटव्याच्या जागी प्लॅस्टिकची डबी आली आणि सुंठेच्या जागी गोळ्यांच्या पट्ट्या आल्या. बटवा घ्यावाच. पण वाटेवर दुखणे आले म्हणजे औषधाच्याही आधी एक गोष्ट लागते, आणि ती कोणत्याही बटव्यात मावत नाही. ती म्हणजे थांबण्याची मुभा. आजारी माणसाला थांबता आले पाहिजे आणि त्याच्याजवळ कोणीतरी थांबले पाहिजे. बाकीचे सारे उपचार त्याच्यानंतरचे.

मी ज्या बीड जिल्ह्यात मराठी शिकवतो, तो जिल्हा वाटसरूंच्या चांगल्याच परिचयाचा आहे. बीड शहराला आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर आमचा सारा भार एस.टी.च्या चाकांवर आणि स्वतःच्या पायांवर होता. पायांचे म्हणाल, तर आषाढीच्या आधी या जिल्ह्यातून तीन मोठ्या पालख्या जातात. पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघालेली नाथांची पालखी रायमोहा, पाटोदा करीत बालाघाटाचे डोंगर ओलांडते. मुक्ताईची पालखी खानदेशातून जालन्यावरून बीडला येते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईच्या वाटेने पुढे सरकते. हजारो माणसे उन्हापावसात दिवसेंदिवस चालतात, मिळेल त्या विहिरीचे पाणी पितात, मिळेल त्या ओसरीवर निजतात. त्यात साठीच्या पुढचीच पुष्कळ. मग कोणाला ताप येतो, कोणाच्या पायाला फोड येतात, कोणाला ढाळ लागतात.

दिंडी कोणासाठी थांबत नाही. मुक्काम ठरलेले असतात आणि एकादशी काही पुढे ढकलता येत नाही. पण आजाऱ्याला रस्त्यावर टाकून दिंडी पुढे गेली, असेही होत नाही. दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये वळकट्यांवर त्याची जागा होते; फारच झाले तर गावातल्या एखाद्या घरी त्याला ठेवतात आणि बरोबरचा एकजण आपली वारी तेवढी मागे ठेवून त्याच्या उशाशी बसतो. त्या बसणाऱ्याची एकादशी चुकली, असे कोणी म्हणत नाही. उलट त्याच्या पाया पडतात.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. पटकीने पूर्वी यात्रांची यात्रा करून सोडली होती. सकाळी भजनात टाळ धरलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत गेलेला असे. हाफकिन यांनी १८९२ साली पटकीची लस तयार केली, आणि पुढे पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना ती टोचून घेण्याची सक्ती झाली. टोचणीच्या भीतीने आडवाटेने पंढरी गाठणाऱ्यांच्या गोष्टी म्हातारी माणसे पुढे कितीतरी वर्षे सांगत. पण पटकी हटली ती केवळ टोचणीने नव्हे. पाणी सुधारले, आणि त्याहूनही एक साधी युक्ती माणसाला सापडली. तिच्याकडे मी येणारच आहे.

वारीसारखी वाट युरोपातही आहे. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो नावाचे क्षेत्र आहे. फ्रान्सच्या सरहद्दीवरील डोंगरापासून तिथवर सुमारे आठशे किलोमीटरची पायवाट खेड्यापाड्यांतून, गव्हाच्या शेतांतून आणि उजाड माळांवरून जाते, आणि हजार वर्षांपासून माणसे ती चालत आली आहेत. या वाटेवर आजारी पडणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथल्या राजांनी आणि मठांनी ठिकठिकाणी घरे बांधली. बुर्गोस गावाबाहेरचे असे एक घर बाराव्या शतकाच्या अखेरचे आहे. खुद्द सान्तियागोत राजा फर्डिनंड आणि राणी इसाबेला यांनी १४९९ साली हुकूम देऊन मोठे रुग्णालय उभारविले. ‘हॉस्पिटल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ मुळात पाहुणा. भाषेच्या मास्तराला हे फार आवडते. आजारी वाटसरू हा रोगी होण्याच्या आधी पाहुणा आहे, एवढे त्या एका शब्दात सांगून झाले. सान्तियागोचे ते रुग्णालय १९५४ पासून एक उंची हॉटेल झाले आहे, हा काळाचा महिमा! आता तिथे राहायचे तर खिसा धडधाकट असावा लागतो.

आपल्याकडे राजाचे काम अहिल्याबाईंनी केले. घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, आणि आमच्या परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धारही केला. वैजनाथ म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. ज्योतिर्लिंग म्हणून दुरून माणसे येतात. जवळच अंबाजोगाईला १९७४ साली खेड्यापाड्यांसाठी म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. म्हणजे देव आणि डॉक्टर दोघेही आमच्याकडे जवळजवळ आहेत. अडचण असते ती दुखणे आणि डॉक्टर यांच्यामधल्या रस्त्याची.

त्या रस्त्याचा एक अनुभव सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत एका वर्षी आम्ही सौताड्याचा धबधबा पाहायला गेलो होतो. पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी जिथे कड्यावरून खाली उडी घेते, तिथे दरीत रामेश्वराचे देऊळ आहे. धबधबा पाहिला, देव पाहिला, आणि परतीच्या एस.टी.त बसलो तोच आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांचे पोट बिघडले. एक उलटी झाली, दुसरी झाली, आणि पुढचे मी दिवाळी अंकात लिहीत नाही. पोराचा चेहरा पाहता पाहता चिंचोक्याएवढा झाला. कंडक्टर भला मनुष्य. तो म्हणाला, “सर, गाडी पाच मिनिटं थांबवता येईल, पण ठेवता येणार नाही. फाट्यावर उतरा. समोरच्या वाडीत मावशी आहेत, त्या बघतील.”

आम्ही उतरलो. गाडी धूळ उडवीत निघून गेली. वाडी म्हणजे सात-आठ घरे, आणि त्यांतल्या पाचांना कुलपे. दिवाळीच्या दिवसांत घरांना कुलपे पाहून मला नवल वाटले. एका ओसरीवर साठी उलटलेली एक बाई दोन नातवंडांना घेऊन शेंगा फोडीत बसली होती. तिने आम्हाला ना नाव विचारले, ना गाव.

“हितं निजवा लेकराला, तिकडं ऊन लागंल,” म्हणून तिने घोंगडी टाकली. मग चुलीवर उकळून गार केलेले पाणी तांब्यात घेतले, त्यात मुठीने साखर टाकली, तीन बोटांच्या चिमटीने मीठ टाकले, ढवळले आणि स्वतः घोटभर चाखून पाहिले.

“आसवावानी लागलं पायजे,” ती आमच्या सौभाग्यवतींना म्हणाली. “त्याच्याहून खारट झालं की टाकून द्यायचं. चमच्या-चमच्यानं पाज, ताई. ओकला तर दहा मिनिटं दम धर, आन् फिरून पाज. घाई नाय करायची.”

“मावशी, तुम्ही हे कुठं शिकलात?”

“माझं म्हायेर जामखेडच्या अंगाला. तिथं डॉक्टरीणबाईनं बायांना शिकवलं होतं. माझी चुलती त्यातली. सही येत न्हवती तिला, पर बाळंतपणं करायची.”

मी चपापलो. जामखेड सौताड्यापासून थोड्याच अंतरावर. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तिथे आले. गावोगावच्या अक्षरओळखही नसलेल्या बायका त्यांनी निवडल्या आणि त्यांना शिकवून आरोग्यसेविका केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वर्गात मी या कामाचे गोडवे कितीदा तरी गायलो असेन; ते तांब्यात ढवळले जाताना प्रथमच पाहिले.

आणि हीच ती साधी युक्ती. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित पायी भारतात आले. बनगावच्या छावणीत पटकीने थैमान मांडले. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवले, पिंपांत भरले आणि आजाऱ्यांच्या नातलगांनाच ते पाजायला सांगितले. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे चारांच्याही आत दगावू लागले. तत्त्व असे, की जुलाब चालू असतानाही आतड्याला साखरेच्या सोबतीने मीठ आत ओढता येते, आणि मिठाच्या मागोमाग पाणी आत येते. नुसते पाणी पाजून हे साधत नाही. पण याला माणूस लागतो. चमचा हाती धरून तासन्‌तास बसणारा माणूस. बनगावच्या छावणीत तो नातलग होता. त्या ओसरीवर ती मावशी होती.

दुपार कलली तेव्हा चिरंजीवांना लघवीला झाली. मावशीने “आता भ्यायचं काम नाय” असा निकाल दिला. आणि मग बायका बोलू लागल्या. कुलपे कोणाची, ते तेव्हा कळले.

“दसरा झाला आन् ट्रक आला. समदी कारखान्यावर गेली. माझा ल्योक, सून, शेजारचे. म्हातारी आन् लेकरं तेवढी मागं.”

“दिवाळीलाही घरी नाहीत?”

“दिवाळी फडातच, ताई.” मग जरा थांबून म्हणाली, “सून मागल्या साली लई तापली फडात. दोन दिस पडून होती. मुकादमानं खाडा धरला. तिसऱ्या दिशी उठली. न उठून काय करती? एका कोयत्यावर उचल कशी फिटंल?”

वाचकांपैकी ज्यांना हे शब्द अपरिचित असतील त्यांच्यासाठी सांगतो. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम या जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती ‘उचल’. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत कोपीत राहायचे, पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या आणि उचल फेडायची. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे अशी निघतात. आमच्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रवास पंढरीचा नव्हे, हा आहे. त्यात जो दिवस पडून काढावा लागला तो ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. पाचशे रुपये, कुठे त्याहूनही अधिक. वारीत आजाऱ्याजवळ बसणाऱ्याच्या पाया पडतात. इथे आजारी पडणारीचा दंड होतो, आणि तिच्याजवळ बसायला नवरा थांबला तर त्याचाही.

मग बाई काय करते? दुखणे अंगावर काढते. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावरच. अंगावर काढता काढता ते विकोपाला जाते, आणि मग कोणी सांगतो, की पिशवीच काढून टाक, म्हणजे कायमची कटकट मिटेल. बीड जिल्ह्यातील या प्रकरणाची २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. या बायकांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. प्रत्येकीमागे एकच कारण होते असे नाही. अज्ञान होते, भीती होती, ती भीती घालणारेही होते. पण या साऱ्याच्या मुळाशी वाटेवर आजारी पडण्याची मुभा नसणे हे होतेच. खाडा परवडत नाही, म्हणून शरीराचा एक भाग गेला.

पुढे काही झालेच नाही असे नाही. अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असे ठरले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ निघाले. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर तपासणी व्हावी, असे सांगण्यात आले. हे सर्व हवेच. पण तपासणी होते ती निघताना आणि परतल्यावर. दुखणे येते ते मधल्या पाच महिन्यांत. त्या पाच महिन्यांत दुखण्याचा दिवस हा दंडाचा दिवस राहील, तोवर तपासणीचे कार्ड कोपीच्या कुडाला खोचलेलेच राहणार. आजारी पडलेल्या कोयत्याचा खाडा धरायचा नाही, एवढे एकच कलम मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या करारात आले, तर ते दहा शिबिरांच्या तोडीचे होईल.

संध्याकाळी परतताना सौ.नी पैसे देऊ केले. मावशीने ते घेतले नाहीत. फराळाचा डबा मात्र नातवंडांच्या हाती दिला, तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी चिरंजीवांना तपासले आणि म्हणाले, “पाणी कोणी पाजले? छान पाजले.”

आता प्रवासाला निघणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. जलसंजीवनीच्या चार पुड्या जवळ ठेवाव्यात. त्या नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. याहून अधिक मीठ कधी नाही. थोडे थोडे पाजत राहावे. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, गुंगी आली, ताप चढला किंवा जुलाबात रक्त दिसले, तर मात्र वाट पाहू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तो क्रमांक पोरांनाही पाठ करून द्यावा. आणि मुख्य म्हणजे थांबावे. एक देवदर्शन राहिले, हॉटेलचे एका दिवसाचे भाडे बुडाले, तरी थांबावे. आपल्याला ती चैन परवडते.

‘खाडा’ हा शब्द मला फडात नवा भेटला नव्हता. तो आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, पेपरचे लिहितो, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईचेही लिहितो. दूध आले नाही तर पैसे कापावेत, हा हिशेब झाला. पण बाई तापाने फणफणली म्हणून आली नाही, तर तो खाडा कोणत्या हिशेबात धरायचा? आपण मुकादमाला नावे ठेवतो. पण कॅलेंडरवर फुली मारणारा हात कोणाचा आहे, तेही एकदा पाहावे.

लाडवांतली साखर कोठून येते, हे दिवाळीत सांगू नये म्हणतात. तोंडाची चव जाते. मला तसे वाटत नाही. माझ्या पोराला त्या दिवशी जी मूठभर साखर पाजली गेली, तीही कोणीतरी फडात ऊस तोडला म्हणूनच त्या तांब्यापर्यंत आली होती. तेव्हा प्रवासाला जरूर निघा. बटवा घ्या, पुड्या घ्या. आणि घराला कुलूप लावण्याआधी एकदा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी जा, आणि त्यावरचे दुखण्याचे खाडे तेवढे खोडून टाका.